पूर्ण चौकट

नव्या वस्तूला नांव देण्याचें काम व्यापाऱ्याचें आणि तिला नांवें ठेवण्याचें काम टीकाकाराचें, अशी श्रमविभागणी हल्लींच्या जगांत झालेली दिसते. हीं दोन्ही कामें एकाच वस्तूच्या बाबतींत किती गमतीनें पार पडूं शकतात, ह्याचा विचार करूं लागलों कीं माझ्या डोळ्यांपुढें एक कॅमेरा उभा राहतो. कॅनन ह्या जपानी कंपनीनें तो १७ सप्टेंबर २००८ रोजीं जाहीर केला. त्याचें संपूर्ण नांव 'ईओएस ५डी मार्क टू' असें आहे. तें उच्चारतांना एखाद्या सरकारी ठरावाचा क्रमांक वाचल्याचा भास होतो. तेव्हां ह्या लेखापुरता मी त्याला नुसता 'मार्क टू' म्हणेन. परंतु 'फुल-फ्रेम' हें जें त्याचें जातिवाचक नांव, त्याची अशी सुटका करतां येत नाहीं.

फुल-फ्रेम म्हणजे पूर्ण चौकट. इतका शहाजोग शब्द मला दुसरा आढळलेला नाहीं. तो कानावर पडतांच अशी समजूत होते कीं, बाकीचे सर्व कॅमेरे जगाचा कांहीं तरी तुकडा तेवढा पाहतात आणि हा एकटाच विश्वरूपदर्शन घडवितो. वास्तविक ही पूर्णता ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद एवढीच आहे. काड्यांच्या पेटीच्या पाठीवर ती सहज मावेल. ज्या जुन्या छायाचित्रकारांनीं तळहाताएवढ्या कांचांवर चित्रें उतरविलीं, त्यांना ही चौकट पूर्ण आहे असें कोणी सांगितलें असतें तर त्यांनीं आपल्या काळ्या बुरख्याआडून डोकें बाहेर काढून सांगणाराकडे नीट निरखून पाहिलें असतें.

हें माप आलें कोठून? जर्मनींतील वेट्झलार ह्या गांवीं सूक्ष्मदर्शक यंत्रें तयार करणारा लाइट्झ यांचा कारखाना होता. तेथें ऑस्कर बार्नाक नांवाचा एक कुशल यंत्रकार काम करी. त्याला छायाचित्रणाचा नाद होता आणि दम्याचा विकारहि होता. त्या काळच्या कॅमेऱ्याचें धूड, त्याची तिवई आणि कांचांचें ओझें घेऊन डोंगर चढणें त्याला झेपेना. तेव्हां त्यानें चित्रपटाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेतली आणि चित्रपटांतील दोन चौकटी शेजारीं शेजारीं ठेवून त्यांची एक केली. चित्रपटाची चौकट १८ बाय २४ होती; दोहोंची मिळून २४ बाय ३६ झाली. पहिला नमुना १९१३–१४ च्या सुमारास तयार झाला. १९२५ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत तो 'लायका' ह्या नांवानें लोकांपुढें आला. पुढें सारें जग त्याच मापानें पाहावयास शिकलें. एका दमेकऱ्याच्या छातीला जेवढें ओझें सोसलें तेवढी जगाची पूर्णता ठरली! मला ही हकीकत फार आवडते. आपल्या पुष्कळशा परिपूर्ण गोष्टींच्या मुळाशीं अशीच कोणाची तरी धाप असावी, असा माझा संशय आहे.

फिल्म जाऊन तिच्या जागीं सिलिकॉनचा तुकडा आला, तेव्हां ही चौकट राखणें महाग पडूं लागलें. आमच्या घरीं दिवाळींत शंकरपाळे होतात. त्यावरून हें समजावून देतां येईल. गोल लाटलेल्या पोळींतून बारीक शंकरपाळे कापले तर कडेला थोडीच कणीक वायां जाते आणि एखादा बिघडला तरी हळहळ वाटत नाहीं. परंतु त्याच पोळींतून तळहाताएवढे चौकोन कापावयाचे म्हटलें तर कडा फुकट जातात, चौकोन थोडेच निघतात आणि पोळीवर कोठें एक गुठळी राहिली असली तर अख्खा चौकोन टाकून द्यावा लागतो. सिलिकॉनच्या गोल चकतीचें असेंच आहे. म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांत लहान तुकडे बसविण्यांत आले. मग जुन्या भिंगाची दृष्टि आखडली; ५० मिलिमीटरचें भिंग लावावें तर तें ८० मिलिमीटरच्या भिंगासारखें पाहूं लागे. 'पूर्ण' हा शब्द ह्या अपुरेपणामुळें जन्मास आला. तुकडे पडूं लागल्याशिवाय अखंडाला कोणी अखंड म्हणत नाहीं.

कॅननचा पहिला पूर्ण चौकटीचा डिजिटल कॅमेरा २००२ सालीं आला. त्याची किंमत ७,९९९ डॉलर होती. २००५ च्या ऑगस्टमध्यें '५डी' आला, ३,२९९ डॉलरांना. आणि मग २,६९९ डॉलरांचा हा मार्क टू. त्याचे गुण आंकड्यांत सांगावयाचे तर एका चित्रांत २ कोटी ११ लक्ष ठिपके. प्रकाशाची संवेदना १०० पासून ६,४०० पर्यंत, आणि ताणली तर २५,६०० पर्यंत. एका सेकंदांत ३.९ चित्रें; वजन भिंगाशिवाय ८१० ग्रॅम; पडदा दीड लक्ष वेळां उघडझांप करील अशी अपेक्षा. आणि यादीच्या शेवटीं, दुकानदार जशी वर चिमूटभर कोथिंबीर टाकतो तशी, एक सोय: ह्या कॅमेऱ्यानें चलच्चित्रहि घेतां येईल.

आतां टीकाकारांकडे वळूं. एखाद्या नव्या कॅमेऱ्याचें परीक्षण कसें होतें तें ज्यानें पाहिलें नसेल त्यानें अवश्य पाहावें. आमच्या वाङ्मयीन परीक्षणांतील सर्व खोडी तेथें शुद्ध स्वरूपांत आढळतात. मागल्या पुस्तकाशीं तुलना, शेजारच्या लेखकाशीं तुलना, आणि हातांत असलेल्या पुस्तकापेक्षां तें कसें असावयास हवें होतें ह्याचें विवेचन. मार्क टूच्या वांट्याला हें सर्व आलें. चित्राची सूक्ष्मता आणि अंधुक प्रकाशांतील त्याचें कसब ह्यांची स्तुति झाली, ती यथार्थच होती. परंतु दृष्टि स्थिरावण्यासाठीं त्यांत जे नऊ बिंदु होते ते २००५ च्या ५डींतलेच जवळजवळ जसेच्या तसे घेतले होते. ह्यावर सारे तुटून पडले. त्याच वर्षींच्या जुलैंत जाहीर झालेल्या निकॉनच्या डी७०० मध्यें असे ५१ बिंदु होते आणि तो सेकंदाला पांच चित्रें घेई. ठिपक्यांच्या हिशेबांत मात्र तो १ कोटी २१ लक्षांवरच थांबला होता. सोनीच्या ए९०० नें तर २ कोटी ४६ लक्ष ठिपके देऊं केले. मग काय विचारतां! एका पक्षानें ठिपके मोजावे, दुसऱ्यानें बिंदु मोजावे. त्यांतच आरंभींच्या ग्राहकांना असें आढळलें कीं, रात्रींच्या चित्रांत लखलखीत दिव्याच्या उजव्या अंगाला एक काळा ठिपका पडतो. कंपनीनें तो दोष मान्य केला आणि जानेवारी २००९ मध्यें कॅमेऱ्याच्या पोटांतील आज्ञावली सुधारून तो घालविला. परंतु तोंपर्यंत त्या ठिपक्याविषयीं जेवढी शाई खर्ची पडली तेवढींत दोनतीन प्रबंध सहज झाले असते.

ह्या सर्व गदारोळांत त्या कोथिंबिरीच्या चिमटीकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. चित्रें काढणारे म्हणाले, आम्हांला चलच्चित्र काय करावयाचें आहे? चित्रपट काढणारे म्हणाले, हें खेळणें आहे. आणि खेळणें म्हणावें असेंच तें होतें. एका दमांत सुमारें बारा मिनिटेंच चित्रण होई. सेकंदाला चौकटी तीस, त्याहून कमी नाहींत. चित्रपटवाल्यांना तर चोवीस हव्यात. प्रकाश किती घ्यावयाचा तें कॅमेरा स्वतःच ठरवी आणि मध्येंच मत बदली. आगगाडी आडवी धांवत गेली तर तिचे डबे तिरके दिसत. अशा ह्या सोयीचा उपयोग वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना एखादें लहानसें दृश्य टिपण्यास होईल, एवढीच करणारांची अपेक्षा असावी.

परंतु व्हिन्सेंट लाफोरे नांवाच्या एका वृत्तछायाचित्रकारानें तो नवा कॅमेरा कंपनीकडून दोनतीन दिवसांपुरता मागून घेतला आणि न्यूयॉर्क शहरांत रात्रींच्या वेळीं एक छोटासा चित्रपट काढला. त्याचें नांव 'रेव्हरी'. कथा म्हणाल तर नाममात्र. पण रस्त्यावरचे दिवे हेच त्याचे दिवे होते, आणि मागलें सारें शहर विरघळल्यासारखें मऊ होऊन पुढला मुखडा तेवढा स्पष्ट उभा राहत होता. हा मऊपणा चौकटीच्या आकारांतून येतो. हलक्या किंमतीच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत नखाएवढें पटल असे, त्यामुळें नायिकेचा चेहरा आणि तिच्या मागची पाण्याची टांकी दोन्ही सारख्याच इमानानें दिसत. येथें चित्रपटाच्या चौकटीहूनहि मोठें पटल होतें. जें रूप मिळविण्यास भाड्याचीं अवजड यंत्रें आणि माणसांचा तांडा लागे, तें एका माणसाच्या हातांत आलें.

मग जी धांदल उडाली तिचें वर्णन ऐकण्यासारखें आहे. कॅमेऱ्यानें प्रकाशाचें मत मध्येंच बदलूं नये म्हणून लोक भिंग किंचित् फिरवून सैल करीत. तेवढ्यानें त्याचा विजेचा संबंध तुटे आणि छिद्र होतें तेवढेंच राही. कित्येकांनीं तर प्रतिस्पर्धी निकॉनचीं जुनीं भिंगें आणून ह्याला जोडलीं, कारण त्यांचें छिद्र हातानें फिरवितां येई. सासूच्या घरांत सवतीच्या भावाला कारभारी नेमावें तसलाच हा प्रकार! अखेर जून २००९ मध्यें कंपनीनें हाताचें नियंत्रण दिलें आणि मार्च २०१० मध्यें चोवीस व पंचवीस चौकटींची सोय केली. अमेरिकेंत 'हाऊस' नांवाची दूरचित्रवाणीवरील मालिका त्या वेळीं फार लोकप्रिय होती. तिच्या सहाव्या वर्षाचा अखेरचा भाग, जो मे २०१० मध्यें दाखविला गेला, तो संपूर्णपणें ह्याच कॅमेऱ्यानें घेतला होता. कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यांत अडकलेली एक स्त्री आणि तिच्याशेजारीं कसाबसा शिरलेला डॉक्टर, असा तो प्रसंग. तेथें मोठा कॅमेरा शिरलाच नसता.

वाङ्मय शिकवितांना विद्यार्थी मला नेहमीं विचारतात, "सर, हा अर्थ लेखकाच्या मनांत होता का?" मी त्यांना मार्क टूची गोष्ट सांगतों. कर्त्याच्या मनांत बातम्या होत्या, टीकाकारांच्या मनांत नऊ बिंदु होते, आणि वाचकानें त्यांतून चित्रपट वाचला. बार्नाकनें चित्रपटाकडून उसनी घेतलेली चौकट अशा रीतीनें सुमारें पंचाण्णव वर्षांनीं चित्रपटाला परत मिळाली, तीहि दुप्पट होऊन. ह्याच कॅमेऱ्यानें जानेवारी २००९ मध्यें पीट सूझा यांनीं बराक ओबामा यांचें अधिकृत चित्र घेतलें. अमेरिकेच्या अध्यक्षाचें डिजिटल कॅमेऱ्यानें घेतलेलें तें पहिलें अधिकृत चित्र. पण हा मान मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाहीं. अध्यक्षांचें चित्र कोणत्याहि कॅमेऱ्यानें चांगलेंच येतें.

कॅनन ह्या नांवाविषयीं येथें दोन शब्द सांगण्याचा मोह आवरत नाहीं. तोक्योंत ज्यांनीं ह्या धंद्याचा पाया घातला त्यांनीं १९३४ सालीं आपल्या पहिल्या नमुन्याला 'क्वानॉन' असें नांव दिलें होतें. क्वानॉन म्हणजे जपानची करुणेची देवता, अर्थात् आपला बोधिसत्त्व अवलोकितेश्वर! त्या नमुन्याच्या भिंगाला 'काश्यप' हें बुद्धाच्या शिष्याचें नांव होतें. 'अवलोकितेश्वर' ह्या संस्कृत नांवांत पाहणें आहे. तेंच नांव चीनमधून जपानांत जातां जातां त्यांत ऐकण्याचा अर्थ शिरला. जगाचा आक्रोश ऐकणारी ती क्वानॉन. ह्या कंपनीच्या आरशाच्या कॅमेऱ्यांपैकीं चलच्चित्र आणि त्याच्या बरोबरीनें ध्वनि टिपूं लागलेला पहिला कॅमेरा मार्क टूच होय. म्हणजे देवतेचे दोन्ही अर्थ चौऱ्याहत्तर वर्षांनीं एका ठिकाणीं आले. अर्थात् देवतेला कान एकच दिला होता आणि तोहि जरा हलका होता. चित्रपटवाले आवाज वेगळ्या यंत्रानेंच धरीत.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत पद्मपाणि उभा आहे. तोहि अवलोकितेश्वरच. चित्रें खराब होतील म्हणून तेथें फ्लॅशला बंदी आहे, आणि ती अगदीं योग्य आहे. रॉबर्ट गिल ह्या लष्करी अधिकाऱ्यानें १८४४ पासून पुढें कित्येक वर्षें तेथें राहून ह्या चित्रांच्या नकला केल्या; त्यांतील बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगींत जळाल्या. पुढें त्यानें लेण्यांचीं छायाचित्रेंहि घेतलीं, पण त्या काळीं रंग टिपणेंच शक्य नव्हतें. विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी गेलों असतां मार्क टूची संवेदना ६,४०० वर नेली, भिंतीला पाठ टेकली, श्वास रोखला आणि पद्मपाणीचा खालीं झुकलेला चेहरा त्या अंधारांतून हलकेच वर आला. थोडी खसखस पसरल्यासारखें चित्र दिसलें खरें. परंतु तो रंग, ती भुवई, तें किंचित् वाकलेलें निळें कमळ! अंधाराला न दुखवितां त्यांतलें कांहीं बाहेर आणणें ही ह्या कॅमेऱ्याची खरी विद्या, असें माझें मत तेथें बनलें.

हा कॅमेरा मीं नवा घेतला नाहीं. २०१३ सालीं लग्नांचीं चित्रें घेणाऱ्या एका तरुणाकडून तो विकत घेतला. त्याला पुढलें यंत्र घ्यावयाचें होतें. कोपरे झिजून आंतला धातु चकाकत होता. "सर," तो म्हणाला, "ह्याच्यावर तीनशें लग्नं लागली आहेत. एकानंही दगा दिला नाही." दगा लग्नांनीं दिला नाहीं कीं चित्रांनीं, हें मीं विचारलें नाहीं. मंगल कार्यालयांत वधूवरांपुढें पाठमोरा उभा राहून पाहुण्यांना अंतरपाटाचा दुसरा अनुभव देणारा जो छायाचित्रकार, त्याच्याविषयीं माझें मत पूर्वीं फारसें बरें नव्हतें. पण त्या मुलानें कॅमेरा देतांना त्याच्या मुठीवरून ज्या तऱ्हेनें एकदां हात फिरविला, तें पाहून तें बरेंच निवळलें. घरीं आणल्यावर आमच्या मंडळींनीं तो हातांत घेऊन वजन पाहिलें आणि म्हटलें, "अहो, पाट्याशिवाय नुसता वरवंटाच कशाला आणलात?"

आरशाच्या कॅमेऱ्याची एक गोष्ट मला अजूनहि नवलाची वाटते. भिंगांतून आलेला प्रकाश एका तिरप्या आरशावर पडतो, वर जातो, एका पैलूदार लोलकांत वळसे घेतो आणि डोळ्यांत शिरतो. आपण पाहतों तो खराखुरा प्रकाश असतो, त्याचें चित्र नव्हे. परंतु बटण दाबतांच आरसा वर उडतो आणि क्षणभर डोळ्यापुढें काळोख होतो. ज्या क्षणाचें चित्र निघतें नेमका तोच क्षण चित्र काढणाराला दिसत नाहीं! आधींचा दिसतो, नंतरचा दिसतो. मधला तेवढा कॅमेऱ्याचा. नव्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत हा काळोख नाहींसा झाला आहे. त्यांत डोळ्यासमोर एक चिमुकला पडदा असतो आणि चित्र कसें येणार तें आधींच दिसतें. ही सुधारणा आहे, ह्यांत वाद नाहीं. तरीपण तो क्षणाचा काळोख मला एखाद्या सभ्य माणसाच्या पापणीसारखा वाटतो.

असा एक काळोख माझ्या चांगला लक्षांत आहे. २०१४ ची दिवाळी. आई त्या वेळीं चौऱ्यायशीं वर्षांची होती. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर तिला झगझगीत उजेड सोसत नसे. संध्याकाळीं ती खोलींतला दिवा मालवून देवघरापुढें समईच्या उजेडांत वाती वळीत बसे. मीं ५० मिलिमीटरचें साधें भिंग लावलें आणि दाराशीं बसलों. फ्लॅश वापरावयाचा नव्हता आणि वापरला असता तर तिनें हांकलूनच दिलें असतें. मांडीवर कापूस, डाव्या हातांत पेळू, उजव्या हाताचीं बोटें फिरताहेत. तिनें वर न पाहतां विचारलें, "झालं का रे तुझं?" मी म्हणालों, "झालंच." मग म्हणाली, "फोटो काढायचा तर काढ, पण बोल तरी काही. मुका बसलास की मला वाटतं, कोणी परकं आलंय." मी बोलत राहिलों. काय बोललों तें आठवत नाहीं. शेवटल्या चित्रांत तिनें मान उचलून माझ्याकडे पाहिलें आहे.

पुढें दोन वर्षांनीं ती गेली. तेराव्याच्या आधीं भिंतीवर लावावयाच्या तसबिरीचा प्रश्न निघाला, तेव्हां मीं तें चित्र भावंडांपुढें ठेवलें. थोरले बंधु बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "चांगला आहे. पण हार घालायला हसरा हवा." धाकट्या बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलें. ती म्हणाली, "दादा, ही आई नाही रे. ही थकलेली बाई आहे." भाच्याच्या मोबाईलमध्यें त्याच्या मुंजींतलें एक चित्र होतें: आई पैठणी नेसलेली, हसरी, आणि त्या मोबाईलनें आपल्या अंगच्या हुशारीनें तिच्या सुरकुत्या पुसून टाकलेल्या. एकमतानें तें पसंत पडलें. आज बैठकीच्या खोलींत तेंच लागलेलें आहे.

२ कोटी ११ लक्ष ठिपक्यांचें परीक्षण असें झालें. मला त्या वेळीं राग आला होता. अजूनहि मी त्या तसबिरीकडे जरा तिरक्या नजरेनेंच पाहतों. परंतु बहिणीचें म्हणणें मी खोडून काढूं शकत नाहीं. तिनें आईला तिच्या भरात पाहिलेलें आहे, सासरीं गेल्यावर वर्षांतून दोनदां, सणासुदीला, नव्या लुगड्यांत. तिची चौकट निराळी. ती कोणत्या अधिकारानें अपुरी म्हणावी? शेवटलीं वर्षें आई आमच्याकडे होती. थकलेली बाई पाहण्याची संवय आम्हां दोघांना होती, तिला नव्हती.

मीं माझ्या चित्राची आठ बाय बारा इंचांची एक प्रत करून घेतली. ती टेबलाच्या खणांत असते. एकदां खण आवरतांना आमच्या मंडळींनीं ती बाहेर काढली आणि चष्मा लावून खिडकीपाशीं नेली. मला वाटलें, त्या चेहरा पाहत आहेत. त्या म्हणाल्या, "सासूबाईंच्या अंगठ्याशेजारची ही खूण पाहिलीत का? नारळ खवताना विळी लागली होती. माझ्या पहिल्या संक्रांतीला. हळद मीच दाबली होती." मीं ती खूण तोंपर्यंत पाहिलेली नव्हती. चित्रांत ती तांदळाच्या दाण्याएवढी आहे, आणि समईच्या उजेडांत पांढरट चमकते. मोबाईलच्या त्या तसबिरींत हात पदराखालीं आहेत.

मार्च २०१२ मध्येंच मार्क टूची पुढली पिढी आली होती. तिला ६१ बिंदु देऊन कंपनीनें टीकाकारांचें तोंड बंद केलें. मग २०१६ मध्यें आणखी एक पिढी झाली, आणि २०१८ मध्यें ह्याच कंपनीनें पूर्ण चौकटीचा पहिला बिनआरशाचा कॅमेरा काढला. आरशाचे नवे कॅमेरे निघणें आतां जवळजवळ थांबलेंच आहे. जो चलच्चित्रामुळें प्रसिद्ध झाला, त्या मार्क टूमध्यें चलच्चित्र घेतांना आरसा सारा वेळ वरच उचललेला असे आणि डोळ्याची खिडकी काळीठिक्कर होई. चित्र मागल्या पडद्यावर पाहावें लागे. म्हणजे आरशावांचून चालतें हें जगाला ह्याच कॅमेऱ्यानें दाखवून दिलें. स्वतःच्या जातीचा असा निकाल स्वतःच्या हातानें लावणारें यंत्र विरळाच.

माझ्या मार्क टूच्या मुठीवरचें रबर आतां सुटूं लागलें आहे. तें मीं डिंकानें चिकटविलें आहे. बाकी तब्येत ठीक आहे. भाच्यानें बिनआरशाचा कॅमेरा घेतला आहे. परवां तो येऊन मोठ्या कौतुकानें सांगत होता कीं, मामा, तुमच्या जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी माझ्या नव्यांतहि चालते. खात्री करून घेण्यासाठीं तो ती घेऊन गेला. तिला आतां तीन आठवडे झाले; खात्री अजून चालू आहे.